जुळे सोलापुरातलं घर भाविकांना रोजावर द्यावं का?

हिंजवडीकर: वडील गेल्यापासून जुळे सोलापुरातलं आमचं घर बंद आहे. मी पुण्यात नोकरीला. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारे लोक सोलापुरात मुक्काम करतात, म्हणून दोन-तीन दिवसांच्या भाड्यानं द्यायचा विचार चाललाय. आई नको म्हणते. ज्यांनी हे केलंय त्यांनी तोटे सांगावेत.

विजापूर रोड: दादा, मी चार वर्षं हेच केलं. राहायला बार्शीला, घर विजापूर रोडला.

पहिलं पाणी. आमच्या भागात नळ चार दिवसांआड. आपल्याला ते अंगवळणी पडलंय, मुंबईहून आलेल्या आठ जणांना कसं पडणार? पहाटेची आरती गाठायची म्हणून सगळ्यांच्या अंघोळी चारलाच. सहाला टाकी कोरडी, आणि मी बार्शीतून टँकरवाल्याच्या मागं. बोअरचं पाणी जड, गीझरची कॉइल क्षार धरून वर्षात जायची.

आपल्या सोलापूरचे म्हणून हौसेनं दोन डझन पांढरे टॉवेल घेतले होते. पहिल्या नवरात्रातच सगळ्यांवर कुंकू-हळद. तुळजापूरहून येणाऱ्याचा मळवट भरलेला असणारच, त्याची काय चूक? नंतर मरून रंगाचे घेतले.

नवरात्र, कोजागिरी, दत्तजयंती, जानेवारीत गड्ड्याची जत्रा, तेवढ्यापुरतं घर भरतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर, तेव्हा कुणी फिरकत नाही. जे येतात ते दिवसरात्र एसी लावतात. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने.

मला सगळ्यात लागलं ते शेजारचं. रात्री दोनला गाडी यायची, घर सापडेना की बेल शेजारच्या काकूंची. माझ्या लग्नात रुखवत मांडलेलं त्यांनी. तिसऱ्या वर्षी त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या, आणि मला त्यांना दोष देता येत नाही.

हिशोबनीस: कागदपत्रांचंही बघा. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. वीज आणि घरपट्टी व्यावसायिक दरानं लागेल का, ते आधीच विचारून घ्या. घराचा विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांनी केलेलं नुकसान त्यात बसेलच असं नाही.

हिंजवडीकर: ताई, पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. खाली २००० लिटरचा हौद आहे. तुम्ही किल्ली कुणाकडे ठेवायचात?

विजापूर रोड: आठ माणसांना तो हौद दोन दिवस पुरेल, तोही काटकसरीनं वापरला तर. किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींकडे असायची. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा ऐन नवरात्रात रजा टाकून मीच चादरी धुतल्या. आता तिथं दोन नर्स अकरा महिन्यांच्या करारावर राहतात.

आईंना एकदा शांतपणे विचारा, नको का म्हणतात. पाहुण्यांना जागा हवी म्हणून मी देवघर काढून माळ्यावर ठेवलं होतं. आमची आई एकदा तिथं गेली, रिकामा कोनाडा बघितला आणि पाणीही न पिता बार्शीच्या एसटीत बसली.