दगडीवर इंजेक्शन लागू पडेना, दुधाचं अन् वासराचं काय करावं?

गोठा_आर्वी
जर्सी क्रॉस गाय, दुसरं वेत. मागच्या डाव्या सडाला दगडी (कासदाह). सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक तीन दिवस टोचलं, सडात ट्यूबही सोडली. सूज उतरली, पण दुधात गुठळ्या पुन्हा सुरू. बाकीच्या तीन सडांचं दूध दिसायला चांगलं, तरी विरजण लावलं की दही जमत नाही. काहून? मेडिकलवाला म्हणतो याहून हेवी इंजेक्शन आहे. ते द्यावं का? अन् हे दूध वासराला पाजलं, घरी उकळून घेतलं तर चालते का?

पशुवैद्य_वऱ्हाड
दह्याचं आधी सांगतो. टोचलेलं औषध रक्तातून चारही सडांत उतरतं आणि विरजणातले जंतू मारतं. म्हणजे औषध अजून दुधात आहे. ते दूध डेअरीत घालू नका. शेवटच्या डोसपासून किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं. नसेल तर नियमाप्रमाणे दूध-अंड्यांसाठी किमान 7 दिवस, मांसासाठी 28. दही जमायला लागलं म्हणजे दूध शुद्ध झालं असंही समजू नका, विरजण थोडंफार औषध सहन करतं.

हेवी इंजेक्शन आत्ता नको. औषध लागू पडलं नाही की लोक लगेच ‘रेझिस्टन्स’ (जंतू औषधाला दाद देईनासे झाले) म्हणतात, पण दर वेळी तसं नसतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा दगडीचा जंतू कासेत गाठी धरून पेशींच्या आत दडतो, तिथं औषध पोचतच नाही. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे अंदाजपंचे डोस. टेपनं छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी इंचात मोजा. घेर × घेर × लांबी ÷ 660 = वजन किलोत. घेर 60, लांबी 50 असेल तर सुमारे 273 किलो. डोस डॉक्टरांनी यावरूनच ठरवायचा.

बाकी सडांत छुपी दगडी आहे का, ते घरीच बघा. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवा. वाटीत तेवढंच दूध, तेवढंच हे पाणी घेऊन हलवा. शेंबडासारखं घट्ट झालं तर सड बाधित.

लॅब_नागपूर
वासराचं उत्तर सरळ ‘नाही’. दुधातल्या थोड्याशा औषधानं वासराच्या पोटातले साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि शेणातून गोठाभर होतात. वर हे जंतू रेझिस्टन्सचा जीन प्लास्मिडवरून (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावरून) दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात. ईएसबीएलवाला, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम बनवणारा, आतड्यातला ई. कोलाय जंतू असाच पसरतो. तोच माणसाच्या लघवीच्या मार्गात गेला की सेफ्ट्रियाक्सोन चालत नाही, आणि दवाखान्यात टायफॉइडला, रक्तातल्या संसर्गाला आपण तेच वापरतो.

उकळल्यानं जंतू मरतात, रेझिस्टंट असले तरी. औषधाचा अंश मात्र बराचसा तसाच राहतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला तो बाधू शकतो, म्हणून थांबायच्या दिवसांत घरीही नको. खरा धोका कच्च्या दुधाचा, धारेच्या हाताचा आणि ताज्या शेणाचा. आजारी गाय सगळ्यात शेवटी पिळा, कासेचं फडकं तिचं वेगळं ठेवा. ताजं शेण सांबार (कोथिंबीर)-मेथीच्या वाफ्यात टाकू नका. खताच्या ढिगाच्या पोटात 55 अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकायला हवी आणि पालटी द्यायला हवी, नाहीतर कडेचे जंतू तसेच राहतात. लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. नुसता पसरलेला उकिरडा तापत नाही.

कुक्कुट_यवतमाळ
कोंबड्यावाल्यांनीही वाचा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जुलै 2019 पासून दूध-मांसाच्या जनावरांत, कोंबड्यांत, त्यांच्या खाद्यात बंद आहे. किडनीला त्रास देतं म्हणून माणसांत मागे पडलेलं हे औषध आता शेवटचा उपाय म्हणून वापरतात. जंतूला त्याच्यापासून वाचवणारा एमसीआर-1 जीन 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडला. पिल्लं मरू नयेत म्हणून पाण्यात चिमूटभर एन्रोफ्लॉक्सासिन (हेही अँटिबायोटिक) टाकायची सवयही त्याच वाटेची. लिटर (कोंबड्यांखालचा भुसा) कोरडं ठेवा, अर्धं काम तिथंच होते.

गोठा_आर्वी
समजलं. नमुना कसा घ्यावा?

लॅब_नागपूर
आणखी औषध देण्याआधी घ्या. दिलेल्या औषधानंही जंतू उगवायला अडथळा येतो, म्हणून कधी थांबून घ्यायचा ते लॅबला विचारा आणि चिठ्ठीवर शेवटच्या डोसची तारीख लिहा. सड धुऊन कोरडा करा, टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, वाळू द्या. पहिल्या तीन धारा सोडा. निर्जंतुक ट्यूब आडवी धरून 5 मिली घ्या, तोंडाला बोट नको. बर्फात ठेवून 24 तासांत पोचवा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, फोन करून निघा. जंतू वाढायला एक दिवस, औषधांच्या चकत्या लावून बघायला दुसरा.

पशुवैद्य_वऱ्हाड
रिपोर्टवर ‘एस’ म्हणजे चालेल, ‘आर’ म्हणजे नाही. ‘एस’ असलेल्यांतलं जुनं, साधं औषध आधी निवडायला तुमच्या डॉक्टरांना सांगा. अन् नमुना शनिवारी पाठवू नका, रविवारी बर्फ वितळून जाईल.