अरोरा बघायचाय? केपीपेक्षा ढग बघा

वर कुणीतरी लिहिलंय की केपी इंडेक्स (अरोरा म्हणजे उत्तरेकडचा रंगीत प्रकाश किती जोरात असेल याचा ० ते ९ मधला अंदाज) फक्त २ दाखवत होता म्हणून ते नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत रात्री हॉटेलवरच थांबले, वाचून खरंच वाईट वाटलं. ट्रॉम्सो ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, अरोराच्या पट्ट्याखालीच आहे हो, तिथे केपी १-२ ला पण मस्त दिसतो, घोळ करतात ते ढग. केपीचं टेन्शन ऑस्लोसारख्या दक्षिणेकडच्या ठिकाणी.

आम्ही फेब्रुवारीत आई आणि लेकीला घेऊन गेलेलो, शहरावर पूर्ण ढग, मग नॉर्वेच्या हवामान खात्याच्या यर ॲपवर ढगांचा नकाशा बघितला आणि गाडी काढून दोनेक तासांवरच्या शिबोत्नकडे निघालो, किनाऱ्याचे ढग डोंगरांनी अडतात त्यामुळे तिथे आकाश बरेचदा मोकळं मिळतं. आधी नुसती राखाडी पट्टी दिसली, आई म्हणाली ढगच आहे गं तो, पण फोनच्या नाईट मोडमध्ये ती हिरवीगार आली! आणि दहा मिनिटांत ती पट्टी पडद्यासारखी हलायला लागली, तेव्हा नुसत्या डोळ्यांनाही हिरवी दिसली. आईने माझा हात जो घट्ट धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. आणि हो, फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.