नवोदित कलावंतांसाठी ८० आसनांचे रंगमंच-सभागृह: भाडे घ्यावे की तिकीटविक्रीतील वाटा?

कृष्णाकाठ (सांगली):
आमच्याकडे एका जुन्या वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर सुमारे ८० प्रेक्षक बसू शकतील असे सभागृह अनेक वर्षे बंद आहे आणि वाचनालयाचे विश्वस्त ते आम्हा काही नाट्यप्रेमींना माफक भाड्याने देण्यास तयार आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जेथे मराठी नाटकाचा पाया घातला, त्या सांगलीत आजही एकांकिका स्पर्धांच्या निमित्ताने नवे संघ उभे राहतात, महिनोन्‌महिने तालमी करतात आणि स्पर्धा संपली की विखुरतात. कारण मोठ्या नाट्यगृहाचे भाडे, ध्वनी आणि प्रकाशाचा वेगळा खर्च आणि मर्यादित प्रेक्षक यांचा मेळ त्यांना घालता येत नाही. नव्या गायकांची आणि नृत्य करणाऱ्यांची स्थितीही वेगळी नाही. आम्हाला नफा नको, परंतु दोन वर्षांत कुलूप लावावे लागेल असेही काही सुरू करायचे नाही. दर प्रयोगाला ठरावीक भाडे घ्यावे की विक्रीतील वाटा? आणि देणग्यांवर कितपत विसंबावे?

काळा पडदा (पुणे):
असे एक छोटे सभागृह चालवण्यात माझा सहभाग आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जागेचे भाडे, व्यवस्थापकाचा पगार आणि देखभाल हा खर्च एकही प्रयोग झाला नाही तरी होतोच. वीज, सफाई आणि तंत्रज्ञाचे मानधन हा खर्च प्रयोगामुळे होतो. नवोदितांकडून फक्त दुसरा खर्च घ्यावा, पहिला त्यांच्या माथी कधीही मारू नये, असे माझे ठाम मत आहे.

समजा, तिकीट १५० रुपयांचे आहे आणि निम्मे सभागृह भरले, तर ६,००० रुपये जमतात. त्यातून ४,००० रुपये भाडे घेतले तर संघाच्या हाती २,००० उरतात, आणि त्यांत नेपथ्याची वाहतूकही निघत नाही. त्याऐवजी तीस टक्के वाटा घेतला तर तुम्हाला १,८०० आणि संघाला ४,२०० मिळतात. प्रेक्षक पंधराच आले तरी संघ कर्जात जात नाही, आणि वाटा विक्रीवर अवलंबून असल्याने प्रेक्षक आणण्याची जबाबदारी आपोआप तुमचीही होते, हे मला पैशांहून महत्त्वाचे वाटते.

मग पहिला खर्च कोठून काढायचा? दिवसाच्या वेळेतून. तो महिन्याला ४०,००० रुपये धरला आणि तालमी, नृत्यवर्ग, कार्यशाळा यांसाठी सभागृह रोज चार तास, तासाला ३०० रुपयांनी, पंचवीस दिवस दिले, तर ३०,००० रुपये उभे राहतात. वर्षाला २,००० रुपये देणारे साठ सभासद मिळाले तर उरलेले १०,०००ही भागतात. देणगी मात्र दिवे, पडदे, खुर्च्या अशा एकदाच घ्यायच्या वस्तूंसाठीच वापरावी; देणगीतून भाडे भरू लागलात, तर देणगीदार थांबला त्या महिन्यात संस्थाही थांबते.

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांना जागा करून दिली. ते मुळात शाळेचेच सभागृह होते, आणि तरीही इतर संस्थांचे प्रयोगही तेथे होऊ लागले व त्या जागेच्या नावानेच एक चळवळ ओळखली गेली. १९७८ साली जुहूला उभे राहिलेले पृथ्वी थिएटरही सुमारे २०० आसनांचेच आहे. तेथे काहीतरी पाहण्यासारखे असणारच, या भरवशावर लोक येतात. तेव्हा आठवड्यातील ठरावीक वार प्रयोगांसाठी राखा आणि कितीही पैसे मिळत असले तरी त्या संध्याकाळी बारशाला किंवा साखरपुड्याला सभागृह देऊ नका.

हिशेबनीस (कोल्हापूर):
वाचनालय हा सार्वजनिक न्यास असल्यास करार करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ३६ वाचून घ्यावे. इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. अल्प मुदतीचा परवाना (लीव्ह अँड लायसन्स) करार केला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नूतनीकरणावर तुम्ही केलेला खर्च मुदतीनंतर कोणाचा, हे त्यात स्पष्ट नसेल तर पुढे हमखास वाद होतो.

आपली संस्था न्यास म्हणून नोंदवावी की कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून, याचा निर्णय सभासद किती आणि कागदपत्रे कोण सांभाळणार, यावर घ्यावा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी पहिल्या वर्षी मिळेल असे गृहीत धरू नका, कारण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करवून घेताना तिचा किमान तीन वर्षांचा कार्यानुभव पाहिला जातो. नाटकाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशशुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही, ही मात्र तुमच्या दृष्टीने मोठी सोय आहे. आणखी एक, प्रयोगापूर्वी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र संघाने आणायचे, हे बुकिंगच्या अर्जातच लिहून ठेवा.

दुसरी घंटा (नाशिक):
मी प्रकाशयोजना करते आणि माझी बहुतेक कामे नवख्या संघांबरोबरच झाली आहेत. भाड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, अडचण वेळेची असते. मोठ्या नाट्यगृहात सत्राचे पैसे भरले की नेपथ्य लावणे, दिवे जुळवणे आणि प्रयोग हे सगळे त्याच काही तासांत उरकावे लागते, त्यामुळे ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज असते त्यांची रंगीत तालीमच होत नाही. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून सभागृह त्याच संघाच्या ताब्यात द्या. त्या दिवशीच्या वर्गांचे उत्पन्न बुडेल, ते वरच्या हिशेबात आधीच वजा धरा.

दिवे घेताना एलईडीच घ्या. जुने एक हजार वॅटचे बारा दिवे एकदम लावले की बारा किलोवॅट भार होतो आणि वाचनालयाच्या जुन्या वायरिंगला तो पेलणार नाही. शिवाय छोट्या खोलीत उकाडा असह्य होतो. मंजूर वीजभार किती आहे, हे खुर्च्या मोजण्याआधी पाहून घ्या.

वाट्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. संघाच्या पहिल्या प्रयोगाला काहीच घेऊ नये आणि तीस टक्के दुसऱ्या प्रयोगापासून सुरू करावेत, कारण पहिल्या प्रयोगाला बहुधा घरचे आणि मित्रच येतात. अनोळखी प्रेक्षक आला तर तो दुसऱ्याला येतो, आणि हा दुसरा प्रयोग होणे हेच आमच्यासाठी सर्वांत कठीण असते.

कृष्णाकाठ:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पहिला प्रयोग विनावाटा ठेवण्याची सूचना मी येत्या बैठकीत मांडणार आहे, मात्र त्याच संघाला महिनाभरातली दुसरी तारीख तेव्हाच देऊन ठेवावी, असा माझा आग्रह राहील. करार आणि वीजभार या दोन गोष्टींचा उलगडा झाल्याखेरीज आम्ही देणगीसाठी कोणाकडेही जाणार नाही.