कोकणात देवी काढायला (म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचायला) फिरणाऱ्यांबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. राजापूरकडच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक मोडी कागद सापडला. निम्मा वाळवीने खाल्लाय. मला मोडी अडखळतच लागते, पण शके १७९२ (म्हणजे १८७० च्या आसपास), ‘देवी काढणार’ आणि ‘मूल देणें’ एवढं नक्की वाचता आलं.

‘मूल देणें’ वाचून पोटात गोळाच आला. मग उलगडलं. तेव्हा एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातली लस साधारण आठव्या दिवशी काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं, तेव्हापासून हीच रीत. म्हणजे डोंगरापलीकडच्या वाडीत लस न्यायची तर बऱ्याचदा फोड आलेलं लेकरूच उचलून न्यायचं! कुठली आई सुखासुखी देईल? शिवाय कुणाच्या दंडातलं कुणाला, हा जातीचा प्रश्न होताच.

१८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये दवाखाने आणि टोचणीचे आकडे मिळतात, पण मला माणसं हवी आहेत. हे देवी काढणारे कुठे उतरायचे? मूल देणाऱ्या घराला काही मिळायचं का? मुंबईच्या पुराभिलेखागारात त्यांच्या फिरतीचे कागद कुणी पाहिलेत का? नेमका कुठला विभाग मागवायचा?

आणि मोडी सराईत वाचणारं कुणी असेल तर कृपया सांगा, कागदाचा फोटो लगेच पाठवते. शाई दिवसेंदिवस फिकी होत चाललीय.