शिळ्या टॉर्टियाचे १७ डॉलर का मोजायचे?

लिंबूटिंबू
आई-बाबा शिकागोला आलेत. रविवारी त्यांना पिल्सेन या इथल्या मेक्सिकन वस्तीत ब्रंचला नेलं. हॉटेलचं नाव लिहीत नाही. पाऊण तास रांगेत, आत शिरलो तर मारियाची वादकांपैकी ट्रंपेटवाला थेट बाबांच्या कानाशी. आईने चिलाकिलेसचा एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अरे, ही तर फोडणीची पोळी!" किंमत १७ डॉलर, वर टीप. बाबांची मार्गारिटा (टकीला आणि लिंबाचं कॉकटेल) म्हणजे हिरवं गोडमिट्ट सरबत. माझं मत: मेक्सिकन खायचं तर कोपऱ्यावरच्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या साध्या हॉटेलात. ब्रंच, कॉकटेल वगैरे गोऱ्यांची थेरं.

घायपात
साफ असहमत. तुमच्या आईंनी मात्र अचूक ओळखलं. चिलाकिलेस म्हणजे शिळ्या टॉर्टियाचे (मक्याच्या पातळ पोळीचे) तुकडे तळायचे, लाल किंवा हिरव्या साल्सात घोळवायचे, वर क्रेमा (आंबटसर साय), चीज, कांदा, हवं तर अंडं. कडा कुरकुरीत आणि मधला भाग मऊ राहिला पाहिजे, तिथेच निम्मी हॉटेलं आपटतात. पण ती टॉर्टिया व्हायच्या आधी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, दळावा लागतो. आपली पोळी इतके लाड करून घेत नाही.

आणि ब्रंच हा शब्द इंग्रजी असेल, वेळ मेक्सिकनच आहे. सकाळी कॉफी आणि गोड पाव, मग दहा-अकराला दणकून अल्मुएर्सो. मुख्य जेवण दुपारी दोननंतर.

लिंबूटिंबू
अल्मुएर्सो मान्य. त्यात मार्गारिटा कुठे बसते?

घायपात
मिचेलादा बसते की. बिअर, लिंबू, तिखट सॉस, ग्लासच्या काठाला मीठ-मिरची. रात्रीच्या पिण्यावरचा उतारा म्हणून सकाळीच घेतात. मार्गारिटापेक्षा तिकडे पालोमा जास्त चालते: टकीला आणि ग्रेपफ्रूटचा सोडा. पुढच्या वेळी टकीलाच्या बाटलीवर '१०० टक्के अगावे' लिहिलंय का ते विचारा. नसेल तर ५१ टक्के अगावे, बाकी दुसरी साखर. अगावे म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचं भावंड, तयार व्हायला सहा-आठ वर्षं घेतं. त्यात बाटलीतलं लिंबू पिळणाऱ्याला माफी नाही, इथे मी तुमच्या बाजूने.

वरणभात_६०
कोणी बीन्सबद्दल बोलतच नाही! मी शाकाहारी. 'नो मीट' म्हणालो, वेटर हसून हो म्हणाला. अर्धी वाटी संपवल्यावर कळलं की घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला. तेव्हापासून आधी 'मांतेका' (डुकराची चरबी) आहे का ते विचारतो. त्या गोंगाटात माझाच प्रश्न मला ऐकू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

जळगावची काकू
गोंगाट काय म्हणता रे! आपल्या वरातीतला बँजो चालतो, त्यांचं मारियाची संगीत चालत नाही? २०११ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केलीय त्याची. गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावर एका आजीबाईंचा वाढदिवस होता. पोरांनी गाणं सांगितलं, आजी बसल्या जागी सगळं गाणं गायल्या, मग डोळे पुसून एंचिलादा खाल्ल्या. शांतता हवी तर घरी खा.

लिंबूटिंबू
काकू, आजी असतील तर मीही टाळ्या वाजवेन. आमच्या आजूबाजूला सगळे फोन वर धरून बसलेले. भाडी वाढून पिल्सेनमधली कितीतरी मेक्सिकन कुटुंबं बाहेर पडली आणि त्यांच्याच शिळ्या टॉर्टियाला १७ डॉलर लागले, हे मला खुपतं.

घायपात
भाड्याचं दुखणं खरं आहे. पण मालक मेक्सिकन असेल तर त्याने कायम स्वस्तातच का विकायचं? उद्या कोणी इथे थालीपीठ १७ डॉलरला विकलं, तर तुम्हीच फोटो टाकाल.

वरणभात_६०
थालीपीठाला १७? लोणी किती देणार ते आधी सांगा.

लिंबूटिंबू
थालीपीठाचं बघू. काल आईने उरलेल्या टॉर्टिया कुस्करून मोहरी-हिंगाची फोडणी दिली. मक्याच्या त्या, झाकण ठेवल्यावर पार लगदा झाला. आधी तळायला हव्या होत्या. तेवढा एक मुद्दा घायपातांचा. १७ डॉलर अजूनही पटलेले नाहीत.