मेडिकलच्या इंटरव्ह्यूला राज्याचा पत्ता का आडवा यावा?

फ्रीमाँटची आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आम्ही कॅलिफोर्नियातले. मुलीचं यंदा मेडिकलचं चाललंय. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, तिला ५१४, कॉलेजातले सरासरी गुण म्हणजे जीपीए ३.८. दोन वर्षं दर शनिवारी हॉस्पिसमध्ये, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेला, जाते, वर्षभर लॅबमध्ये काम केलंय. जूनमध्ये २७ कॉलेजांना अर्ज केले. आज डिसेंबर उजाडला आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय फक्त दोन ठिकाणांहून. जेवताना ती फोन पालथा घालून ठेवते. मी काही विचारत नाही, तीही काही बोलत नाही.

माझ्या नणंदेचा मुलगा डॅलसला वाढला. त्याचा एमकॅट ५०९. गुणी पोर आहे, कष्टाळू आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. पण त्याला पाच बोलावणी आली, पाचही टेक्सासमधली. तिथल्या बहुतेक सरकारी मेडिकल कॉलेजांत ९० टक्के मुलं टेक्सासचीच असली पाहिजेत असा कायदाच आहे. माझी मुलगी तिथे उरलेल्या दहा टक्क्यांत, अख्ख्या देशाबरोबर रांगेत.

एमकॅट देशभर एक. लायसन्सची परीक्षा एक. पुढे रेसिडेन्सीचं, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाचं, मॅच होऊन जागा मिळतात तेव्हा तू कुठल्या राज्याचा असा कोटा नसतो. मग नेमक्या या मधल्या पायरीवर घराचा पत्ता का विचारायचा? मला हा अन्याय वाटतो. तुमचं मत काय?

ह्यूस्टनकर

ताई, मुलीला शुभेच्छा, मनापासून. पण तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

सरकारी मेडिकल कॉलेज राज्याच्या पैशावर चालतं. टेक्सासच्या रहिवाशांना इथे जी फी पडते ती देशातल्या सगळ्यात कमी फीपैकी आहे, कारण वरचा खर्च राज्य सोसतं. तो कशासाठी? राज्याला डॉक्टर मिळावेत म्हणून. सीमेवरच्या रिओ ग्रांदे व्हॅलीत २०१६ ला मेडिकल कॉलेजची पहिली बॅच बसली. एल पासोला त्याआधी काही वर्षं. ही कॉलेजं डॅलस-ह्यूस्टनला डॉक्टर पुरवायला काढलेली नाहीत, जिथे डॉक्टर टिकत नाही तिथे टिकावा म्हणून काढली आहेत.

मी इंटर्निस्ट आहे, म्हणजे मोठ्या माणसांच्या सर्वसाधारण आजारांचा डॉक्टर. काही वर्षं एका सरकारी कॉलेजच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर होतो. बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका मुलाला विचारलं, आमच्या राज्यात कुठे प्रॅक्टिस करायला आवडेल? त्यानं ऑस्टिन सांगितलं, राजधानीचं मोठं शहर. दुसरं? परत ऑस्टिन. अतिशय हुशार मुलगा, गुण डोळे दिपवणारे. त्याच दिवशी सीमेलगतच्या गावातली एक मुलगी आली. तिच्या वडिलांचं डायलिसिस. तिनं बोटांवर मोजून दाखवलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, जाऊन-येऊन १४० मैल, आणि गाडी चालवायची तिनंच, सोळाव्या वर्षापासून. एमकॅट तुमच्या मुलीपेक्षा कमी होता. मी तिच्या बाजूनं मत दिलं आणि आजही तसंच देईन.

फ्रीमाँटची आई

डॉक्टरसाहेब, त्या मुलीला जागा मिळाली असेल तर मलाही आनंदच आहे. पण ती तिच्या अनुभवावर मिळावी. ती मुलगी न्यू मेक्सिकोच्या हद्दीत चार मैल आत राहत असती तर? तोच बाप, तेच डायलिसिस, तोच रस्ता. तिला तुमच्याकडून बोलावणं आलं असतं?

आणि कराचं म्हणाल तर तुमच्याकडे राज्याचा आयकरच नाही. आम्ही कॅलिफोर्नियात देशातल्या सगळ्यात चढ्या दरांनी तो भरतो. त्या पैशाचं माझ्या मुलीला काय मिळालं?

ह्यूस्टनकर

आयकर नाही, पण घरपट्टी भरून बघा इथली. असो.

न्यू मेक्सिकोचा मुद्दा बिनतोड आहे, नाही म्हणत नाही. सीमारेषा कुठेही आखली तरी कुणीतरी चार मैल पलीकडे राहतंच. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टेक्सासनं का द्यायचं? ते तुमच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला विचारा. टेक्सासची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास आणि सरकारी मेडिकल कॉलेजं, ऑस्टिओपॅथिक (डीओ पदवीची) धरून, डझनाच्या वर. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी माणसं आणि यूसीची, म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, मेडिकल कॉलेजं सहा: सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, डेव्हिस, अर्व्हाइन, सॅन डिएगो, रिव्हरसाइड. रिव्हरसाइडची पहिली बॅच तर २०१३ ची. तुमच्या राज्यातून डॉक्टर होणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांत शिकतात. भाच्याला पाच बोलावणी आली ती राज्यानं जागा बांधल्या म्हणून.

बॉयसीवासी

मी तिसऱ्याच टोकावरून बोलतो. आयडाहोचं स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेजच नाही. १९७० च्या दशकापासून आमची मुलं सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठामार्फत शिकतात. वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो अशा पाच राज्यांची ती योजना, आद्याक्षरांवरून तिला 'वामी' म्हणतात. आमच्या वाट्याला वर्षाला ४० जागा. सुरुवातीचं शिक्षण इथेच, मॉस्को नावाच्या गावात.

दरडोई डॉक्टरांत आमचं राज्य देशात अगदी तळाशी आहे. माझ्या बायकोला त्वचेच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट साडेचार महिन्यांनी मिळाली. त्या ४० जागा उद्या देशभर खुल्या केल्या तर ५१४, ५१८ वाली मुलं कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीतून येतील, चार वर्षं शिकतील आणि परत जातील. ताई, राग मानू नका, तुमची मुलगीही जाईल. आणि का जाऊ नये? तिचं घर तिकडे आहे.

दुसऱ्यांदा अर्ज भरलेली

काकू, मीही कॅलिफोर्नियाचीच, सॅन होजेजवळची. पहिल्या वर्षी ३१ अर्ज, एक इंटरव्ह्यू, शेवटी वेटलिस्ट. त्या हिवाळ्यात आईबाबांशी नीट बोलणंसुद्धा व्हायचं नाही. आता दुसऱ्या वर्षाला आहे, घरापासून तीन हजार मैलांवर.

मला हा नियम न्याय्य वाटत नाही, पण तो लपवलेलाही नाही, आणि मी तो पहिल्या वर्षी वाचलाच नव्हता. मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी, तिचं कॉलेजांच्या माहितीचं एमएसएआर उघडा. प्रत्येक कॉलेजचे राज्यातले अर्ज किती, बाहेरचे किती, त्यातल्या किती जणांना इंटरव्ह्यू, सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. मिसिसिपी विद्यापीठ फक्त मिसिसिपीच्या मुलांचा विचार करतं. नॉर्थ कॅरोलिनाचं ब्रॉडी तिथल्याच मुलांनी भरतं. उलट व्हरमाँट सरकारी असूनही राज्य एवढंसं, त्यामुळे वर्गात बाहेरचीच मुलं जास्त. डेलावेअरला मेडिकल कॉलेज नाही, तर त्यांच्या मुलांसाठी फिलाडेल्फियाच्या जेफरसनमध्ये दरवर्षी २० जागा राखून ठेवतात. खासगी कॉलेजं बहुतेक पत्ता बघत नाहीत, पण बेलरसारखं, ज्याला राज्याचा पैसा मिळतो, ते खासगी असूनही टेक्सासकडे झुकतं.

तिची यादी इथे द्याल का? नावं नकोत. आपली यूसी किती, खासगी किती, परराज्यातली सरकारी किती, एवढंच.

लातूरची लेक

काकूंची तक्रार वाचताना मला घर आठवलं.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यात पूर्वी आणखी एक ७०-३० होतं. विभागातल्या कॉलेजांच्या ७० टक्के जागा त्याच विभागाच्या मुलांना, ३० टक्के राज्यभर खुल्या. ऐकायला किती छान. पण मराठवाड्यात कॉलेजं मोजकी आणि लातूरच्या क्लासेसमधून नीटला चांगले गुण घेणारी पोरं ढिगानं. माझा भाचा औशाहून रोज एसटीनं लातूरला यायचा, डबा मांडीवर घेऊन. २०१९ ला त्याची एमबीबीएसची जागा हुकली, आणि त्याच्याहून कमी गुणांवर दुसऱ्या विभागातल्या मुलांना मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ते ७०-३० रद्द केलं. त्याच्यासाठी उशीर झाला होता, तो फार्मसीला गेला.

म्हणून ह्यूस्टनकर, "आपल्या राज्याला विचारा" हे म्हणणं सोपं आहे. मुलाची वर्षं मात्र थांबत नाहीत. नवीन कॉलेज उभं राहून पहिली बॅच बसेपर्यंत आजची मुलं तिशीत जातात.

ह्यूस्टनकर

ताई, तुमच्या भाच्याबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एक बघा. ७०-३० गेलं तरी राज्याचा ८५ टक्के कोटा राहिलाच, तो काढा असं मराठवाड्यातही कुणी म्हटलं नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये पीजी मेडिकलमधलं रहिवासी आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, पण एमबीबीएसला ते काही प्रमाणात चालतं हेही त्याच निकालात आहे. म्हणजे पहिल्या पायरीवर स्थानिकांना हात द्या, वरच्या पायरीवर गुण बघा. इथेही तेच होतंय. फ्रीमाँटच्या ताई विचारत होत्या ना, रेसिडेन्सीला पत्ता नाही मग आधी का?

लातूरची लेक

पण तिथे नीटचे गुण आणि यादी समोर असते. कितीनं हुकलं ते कळतं. इथे बोलावलं नाही तर का नाही, हे कुणीच सांगत नाही. पत्त्यामुळे, की निबंधामुळे, की अर्ज तीन आठवडे उशिरा गेला म्हणून? ते न कळणं जास्त खातं.

एडिसनहून

तुम्ही सगळे पत्त्यावर भांडताय, मला तेवढं भांडायला मिळालं असतं तरी चाललं असतं.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना न्यू जर्सीत आला. बालवाडीपासून सगळं इथेच. आम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, तो आमच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. भारताच्या ग्रीनकार्डची रांग तुम्हाला माहीत आहे, देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा. तो २१ वर्षांचा झाला आणि आमच्या अर्जातून बाहेर पडला. आता तो एफ-वनवर, कागदोपत्री परदेशी विद्यार्थी. ज्या राज्यात सतरा वर्षं राहिला, कर भरला, रक्तदान केलं, त्या राज्याच्या सरकारी कॉलेजच्या संकेतस्थळावर पहिल्याच ओळीत अट: नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक. त्याचा एमकॅट ५१९ आहे.

ह्यूस्टनकर, तुम्ही म्हणता स्थानिक मुलगा तिथेच टिकतो. माझ्या मुलाएवढा एडिसनचा स्थानिक कोण आहे?

ह्यूस्टनकर

याला माझ्याकडे उत्तर नाही. राज्यानं आपल्या माणसाला आधी घ्यावं असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात तुमचा मुलगा आत असतो. नियमात तो नाही. हे चूक आहे.

प्लेनोचा काका

एक व्यवहाराची गोष्ट. फ्रीमाँटच्या ताई, यंदा नाही झालं तर मुलीला गॅप इयरला इकडे पाठवा. टेक्सासात बारा महिने राहून पूर्णवेळ नोकरी केली की रहिवासी होता येतं. एखाद्या क्लिनिकमध्ये स्क्राइबचं, डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याचं, काम मिळेल. आमच्याकडे खोली रिकामी आहे, खरंच सांगतो. इथे एका ठरावीक फीत एकाच अर्जावर राज्यातली सगळी सरकारी कॉलेजं येतात.

बॉयसीवासी

यालाच माझा आक्षेप आहे. पत्ता मिळवण्यासाठी वर्षभर राहायचं आणि त्या खेड्यातल्या मुलीची जागा घ्यायची?

प्लेनोचा काका

खोटा भाडेकरार करा असं म्हटलं नाही मी. तसं करणारे असतात, ते पकडले जावेत. पण वर्षभर इथल्या रुग्णांसाठी राबलेली मुलगी उपरी कशी? मीही १९९८ ला उपराच आलो होतो.

फ्रीमाँटची आई

दोन दिवस लिहिलं नाही, यादी काढत होते. मुलीला विचारून काढली, ती आधी चिडली, मग शेजारी येऊन बसली.

२७ पैकी यूसी सहा. खासगी दहा. परराज्यातली सरकारी अकरा. त्या अकरांपैकी आठ कॉलेजं बाहेरच्या मुलांना जवळजवळ बोलावतच नाहीत, एमएसएआरमध्ये आकडे स्पष्ट आहेत. त्या आठांना प्रत्येकी साधारण ४५ डॉलर अर्जाचे आणि शंभरच्या आसपास सेकंडरीचे, म्हणजे कॉलेज नंतर स्वतः मागवतं त्या दुसऱ्या अर्जाचे, आणि प्रत्येकाला "आमचंच राज्य का" असा एकेक निबंध. ऑगस्टमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून तिनं ते निबंध लिहिले होते. नकाशा बघून.

माझं मत बदललेलं नाही. पैसे घेताना पत्ता आड येत नाही, बोलावताना येतो, हे मला चुकीचंच वाटतं. बाहेरची मुलं घ्यायची नसतील तर सेकंडरी पाठवून त्यांच्याकडून पैसे घेऊ नका, निदान एवढं तरी. पण ह्यूस्टनकर, सहा कॉलेजांचं तुमचं म्हणणं मला लागलं. इतकी वर्षं इथे मतदान करतेय, हा प्रश्न कुठल्याच उमेदवाराला विचारला नाही.

एडिसनच्या ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.

आणि काका, खोलीबद्दल मुलीला सांगितलं. ती म्हणाली, मला फ्रेझ्नोला जायचंय. तिथे, आपल्याच राज्याच्या सेंट्रल व्हॅलीत, शेतमजुरांच्या दवाखान्यात, गेल्या उन्हाळ्यात ती तीन आठवडे होती. मला वाटलं होतं ते अर्जापुरतं असेल. "तिथे काम करायचं तर टेक्सासची रहिवासी कशाला होऊ?" असं विचारलं तिनं. दोन इंटरव्ह्यूंपैकी एक डेव्हिसचा आहे. नऊ जानेवारीला, ऑनलाइन, सकाळी आठ वाजता.

दुसऱ्यांदा अर्ज भरलेली

काकू, आठ जानेवारीला संध्याकाळी मी मोकळी आहे. तिला म्हणावं फोन कर, मी सराव घेते. फ्रेझ्नोचं नीट बोलायला सांगा, कोणत्या पेशंटशी काय बोलली ते, नावं न घेता.