पहिली ते पाचवीच्या मुलांना शरीर आणि नाती यांविषयी शाळेत शिकवावे का?

पाटीपेन्सिल (धागा सुरू करताना)

मी 19 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते आहे. गेल्या महिन्यात दुसरीच्या वर्गात शरीराचे अवयव घेत होते. फळ्याशेजारी नेहमीचा तक्ता होता. त्यातल्या मुलाने निळी चड्डी घातलेली आहे. मी पट्टी ठेवत गेले तशी मुले डोके, मान, खांदे, छाती, पोट असे मोठ्याने म्हणत खाली आली आणि पोटानंतर सगळा वर्ग एकदम मांडीवर उतरला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मधलं राहिलं." मुली तोंडावर हात ठेवून "शेम शेम" म्हणू लागल्या आणि मी "चला पुढे, गुडघा" असे म्हणून तो क्षण टाळला. तो मुलगा चावटपणा करत नव्हता. तक्त्यात खरेच काहीतरी राहिले होते आणि ते त्याने प्रामाणिकपणे दाखवून दिले होते.

माझे मत असे आहे की पहिलीपासून मुलांना आपल्या सर्व अवयवांची नावे कळली पाहिजेत, आपल्या अंगाला कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये हे ठरवण्याचा हक्क आपला आहे हे कळले पाहिजे, आणि चौथी-पाचवीत येईपर्यंत मुलगे व मुली दोघांनाही पाळीविषयी ती येण्याच्या आधी सांगितले गेले पाहिजे. माझ्या वर्गातून गेलेल्या एका मुलीला दहाव्या वर्षी पाळी आली, तेव्हा तिला आपण आता मरणार असे वाटले होते. घरात तोवर "कावळा शिवला" यापलीकडे कोणी काही बोलले नव्हते. लैंगिक संबंधांविषयी या वयात शिकवावे असे मी म्हणत नाही.

2005 साली केंद्र सरकारने आणलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांसाठी होता. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि 2007 साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. प्राथमिकच्या मुलांचा त्या वादाशी संबंध नव्हता, तरीही तेव्हापासून आमच्या शिक्षककक्षात हा विषय निघाला की आवाज खाली जातो. आपली मते मोकळेपणाने मांडावीत, विरोधातली तर अवश्य.

कृष्णाकाठ

पाटीपेन्सिलताई, आपली तळमळ खरी आहे, म्हणूनच विरोधही स्पष्ट शब्दांत मांडतो. मी निवृत्त आहे आणि पहिलीत जाणाऱ्या नातीला रोज दुपारी मीच शाळेतून आणतो. मागच्या वर्षी तिच्या शाळेत एका संस्थेने स्पर्शाविषयी तासाभराची कार्यशाळा घेतली. त्या संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे गोष्ट ऐकायला माझ्या मांडीवर बसली आणि अर्ध्या गोष्टीत खाली उतरून तिने विचारले, "आबा, हा चांगला स्पर्श आहे ना?" मी "हो बाळा" म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षांच्या लेकराच्या मनात आजोबांच्या मांडीविषयी प्रश्न उभा करणारे शिक्षण मला मान्य नाही.

दुसरे असे की, आपण मोठ्यांची जबाबदारी लहानांच्या खांद्यावर टाकत आहोत. बदलापूरची घटना आठवा. ऑगस्ट 2024 मध्ये दोन चिमुकल्या मुलींनी शाळेत झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी घरी सांगितले होते. त्यांना कोणी कार्यशाळा दिली होती की नव्हती, हा प्रश्नच नाही, त्या बोलल्या. पण त्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. अशा वेळी धडा शाळेला, पोलिसांना आणि संस्थाचालकांना द्यायचा की बालवाडीतल्या मुलींना? राज्यसभेच्या याचिका समितीने 2009 साली शाळांमध्ये लैंगिक शिक्षण नको असा अहवाल दिला होता. त्यातली सगळी कारणे मला पटत नाहीत, परंतु हा विषय घरातल्या विश्वासाच्या माणसाने, मूल विचारील तेव्हा आणि विचारील तेवढाच सांगावा, असे माझेही मत आहे.

निंबोणी

कृष्णाकाठ काका, आपल्या नातीचा प्रसंग वाचून मन हेलावले. मी वकील आहे आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे, म्हणजे 2012 च्या पॉक्सो कायद्याखालचे खटले विशेष न्यायालयात पाहते. त्या अनुभवावरून आपल्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे.

"घरातल्या विश्वासाच्या माणसाने सांगावे" हे बहुतेक घरांत शोभून दिसते. मात्र केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले व विश्वासातले होते. सोसणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते, हे तर आपल्याकडे कोणी ध्यानातच घेत नाही. ज्या घरातला विश्वासाचा माणूसच घात करतो, त्या घरातल्या मुलाला शाळेवाचून दुसरे दार नसते.

बदलापूरच्या मुली बोलल्या, हे खरे. बोलताना मुलांकडे शब्द नसतील तर पुढे काय होते, ते मी पाहिले आहे. एका खटल्यात सात वर्षांच्या मुलाने वर्गशिक्षिकेला "काका माझ्या चिमणीला त्रास देतात" असे दोन वेळा सांगितले होते. त्याच्या घरी त्या अवयवाला चिमणी म्हणत. बाईंना वाटले, घरी पक्षी पाळला असेल. त्यात चार महिने गेले. पुढे जबाबातही "चिमणी" हाच शब्द उतरला आणि बचाव पक्षाच्या वकिलांनी अंतिम युक्तिवादात त्यावरच भर दिला. शिश्न, योनी, गुदद्वार, स्तन हे शब्द कोपर आणि घोट्याइतक्याच सहजपणे शिकवले, तर मुलाचा निरागसपणा हरवत नाही. त्याच्या सांगण्याला वजन येते.

आपल्या नातीच्या कार्यशाळेविषयी मात्र मी आपल्या बाजूने आहे. "चांगला स्पर्श, वाईट स्पर्श" ही वाटणीच मला सदोष वाटते. गैरफायदा घेणारा माणूस बहुधा सुरुवात गुदगुल्यांनी, खाऊने, लाडाने करतो. तो स्पर्श मुलाला वाईट वाटतच नाही, आणि मग "मला तर छान वाटलं होतं, म्हणजे चूक माझीच" असे ओझे ते मूल वर्षानुवर्षे वाहते. उलट डॉक्टरांची सुई दुखते, म्हणजे तो वाईट स्पर्श झाला का? मुलांना स्पर्शाची परीक्षा घ्यायला लावण्यापेक्षा गुपिताचा नियम शिकवावा. आईच्या वाढदिवसाची गंमत दोन दिवसांनी सर्वांना कळणार असते, म्हणून ती पोटात ठेवायला हरकत नाही. पण "हे कोणालाच कधीच सांगायचं नाही" असे जो मोठा माणूस सांगतो, त्याचे गुपित ठेवायचे नाही, मग तो कोणीही असो. हा नियम सहा वर्षांच्या मुलाला कळतो आणि त्यात आजोबांच्या मांडीवर संशय येण्याचे कारण उरत नाही.

दोनशिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट 31, शिक्षक दोन आणि दोघेही पुरुष. तत्त्व म्हणून पाटीपेन्सिलताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण आज आहे त्या स्थितीत हा विषय आमच्यावर सोपवण्यास माझा विरोध आहे, आणि त्यामागे लाज नाही.

तिसरीच्या मुलींसमोर मी हे शब्द उच्चारले आणि त्यातल्या एकीने घरी जाऊन "गुरुजींनी आज असं असं सांगितलं" एवढेच अर्धवट सांगितले, तर संध्याकाळपर्यंत गाव शाळेच्या फाटकाशी असेल. माझ्या बाजूने बोलायला कोण येईल? ऑनलाइन दुवा उघडून दीड तासाची चित्रफीत पाहणे, याला प्रशिक्षण म्हणायचे का? मार्च 2022 च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायची होती. आमच्याकडे ती नोंदवहीत आहे. तिच्यातल्या सदस्य ताईंना आपण सदस्य आहोत हे मी सांगितले तेव्हा कळले.

त्याहून मोठी भीती पुढची आहे. समजा, तास नीट झाला आणि एखाद्या मुलाने खरोखरच तोंड उघडले. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मला ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा मलाच आहे. कळवल्यावर त्या मुलाला त्याच रात्री त्याच घरात झोपायचे असते. सर्वांत जवळचा समुपदेशक तालुक्याच्या गावीही नाही. सांग म्हणायचे आणि सांगितल्यावर हात झटकायचे, हा मुलाचा दुसऱ्यांदा केलेला घात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर वर्षातून एकदा तपासणीला येतात, त्यांच्या पथकावर किंवा गावच्या आशाताईंवर हे काम सोपवावे, असे मला वाटते.

थेम्सतीर

दोनशिक्षकी गुरुजी, प्रशिक्षणाविषयी आपण म्हणता ते पूर्णपणे पटले. मी इंग्लंडमध्ये राहते, माझी मुले इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकली. सप्टेंबर 2020 पासून इथे नातेसंबंधांचे शिक्षण सर्व प्राथमिक शाळांना सक्तीचे आहे: मैत्री, कुटुंब, आदर, सुरक्षितता, ऑनलाइन वागणूक. लैंगिक शिक्षण प्राथमिकला सक्तीचे नाही आणि शाळेने ते घेतले तर पालक आपल्या मुलाला त्यातून बाहेर ठेवू शकतात. नातेसंबंधांच्या तासातून मात्र ठेवता येत नाही. या दोन गोष्टींतली रेघ आपल्या चर्चेत पुसली जाते आहे, म्हणून लिहिले.

इथेही सगळे गोडीगुलाबीने झालेले नाही. 2019 मध्ये बर्मिंगहॅमच्या शाळांसमोर पालकांनी, मुख्यतः समलिंगी कुटुंबांच्या उल्लेखावरून, आठवडेच्या आठवडे निदर्शने केली. मी स्वतः मोठ्या मुलाला पाचवीच्या त्या तासातून बाहेर ठेवले होते, आणि आज त्याचे वाईट वाटते. जे त्याने बाईंकडून शांतपणे ऐकले असते, ते त्याने मैदानावर इतर मुलांकडून ऐकले, मीठमसाला लावून. धाकटीच्या वेळी शाळेने आधी पालकांना बोलावून सगळी चित्रे दाखवली. त्या संध्याकाळी मी एकच प्रश्न विचारला आणि सही केली.

कृष्णाकाठ

निंबोणीताई, गुपिताचा नियम मला आवडला आणि तो मी नातीला सांगितलाही. शब्दांविषयी मी अजून अडखळतो. आमच्या पिढीने हे शब्द एकतर शिवीत ऐकले किंवा वैद्यकाच्या पुस्तकात वाचले, मधली जागा आम्हाला कधी मिळालीच नाही. आपल्या खटल्यातल्या त्या मुलाचे चार महिने मात्र डोक्यातून जात नाहीत.

तरीही माझा मूळ आक्षेप कायम आहे. घरातल्या मोठ्यांना न सांगता, कोणा बाहेरच्या संस्थेने तासाभरात येऊन हे बोलून जाऊ नये. नातीच्या शाळेने आम्हाला आदल्या दिवशी एक चिठ्ठी पाठवली असती, तर तो प्रश्न माझ्यावर असा अचानक आला नसता. आणि दोनशिक्षकी गुरुजींना जोवर आधार नाही, तोवर सक्ती म्हणजे त्यांना एकट्याला पुढे ढकलणे आहे.

पाटीपेन्सिल

काका, नातीचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. ती घाबरून पळाली नाही. मनात आले ते तिने थेट आपल्यालाच विचारले आणि उत्तर ऐकून घेतले. माझ्या वर्गातल्या 40 मुलांपैकी किती जण घरातल्या मोठ्या माणसाला असा प्रश्न विचारू शकतील, याचा विचार केला तर मला आपल्या घराचा हेवा वाटतो. आपल्याला झोप लागली नाही याचे दुःख मला समजते, परंतु तो प्रश्न विश्वास तुटल्याचा होता असे मला वाटत नाही.

चिठ्ठीचा मुद्दा मी जसाच्या तसा घेते. या शनिवारी पालकसभा आहे. वर्गात एक शब्दही बोलण्याआधी जे मुलांना शिकवणार ते मी पालकांना वाचून दाखवणार आहे, शब्दांसह, आणि आजी-आजोबांनाही बोलावले आहे, कारण दुपारभर मुले त्यांच्याच जवळ असतात. "काकांना पापा दे" म्हणून मुलाला पुढे ढकलू नका, ते नाही म्हणाले तर लांबून नमस्कार करू द्या, इथून सुरुवात करीन. पुष्कळ पालकांना हीच गोष्ट सर्वांत अवघड जाईल, असा माझा अंदाज आहे.

दोनशिक्षकी गुरुजी, वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाने पाळी आणि अवयवांची माहिती द्यावी, हे योग्यच आहे. पण मूल आपले गाऱ्हाणे अनोळखी डॉक्टरांना सांगत नाही. खिचडी खाऊन झाल्यावर हात धुताना, नाहीतर सगळे घरी गेल्यावर दप्तर भरत रेंगाळून ते गुरुजींनाच सांगते. तुमची भीती मला अवाजवी वाटत नाही. कळवल्यानंतर मुलाचे काय, याचे उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाही. एवढेच ठाऊक आहे की 1098 ही मदतवाहिनी आहे आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती मुलाच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा आदेश देऊ शकते. आमच्या जिल्ह्याच्या समितीचा क्रमांक शोधायला मला दोन दिवस आणि पाच फोन लागले. तो मी शिक्षककक्षातल्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.

निंबोणीताई, शनिवारी तुम्हाला वेळ असेल तर याल का? त्या शब्दांपाशी मी पुन्हा "चला पुढे, गुडघा" म्हणू नये, यासाठी कोणीतरी शेजारी उभे असलेले बरे.